हिशेब पुरा मांडा : आरोग्य-अर्थतज्ज्ञांना खुले पत्र

प्रति,
सार्वजनिक आरोग्यसेवेचा खर्च व परिणाम यांचे मूल्यमापन करणारे अर्थतज्ज्ञ, विद्यापीठीय संशोधक आणि सल्लागार संस्था यांस,



भारतातील ग्रामीण आरोग्यव्यवस्था उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि त्यांच्या वरचे सामुदायिक आरोग्य केंद्र, म्हणजे महाराष्ट्रात ज्याला ग्रामीण रुग्णालय म्हणतात ते, अशा तीन पायऱ्यांवर उभी आहे. या पायऱ्यांवर होणाऱ्या सरकारी खर्चातून लोकांच्या पदरात नेमके काय पडते, हे विचारण्याचा अधिकार करदात्याला आहे आणि त्याचे उत्तर शास्त्रशुद्ध रीतीने शोधण्याची जबाबदारी आपल्या विद्याशाखेने पत्करली आहे. त्या कामाबद्दल आदर बाळगूनच हे पत्र लिहिले जात आहे. तक्रार आहे ती उत्तर काढण्याच्या रूढ रीतीबद्दल. या रीतीत खर्च केंद्राच्या नावे पुरता टाकला जातो, पण केंद्राने साधलेले परिणाम तुकड्यातुकड्यांनी इतरांच्या खात्यावर जमा होतात. शिवाय रिक्त पदांमुळे आणि संपलेल्या औषधसाठ्यामुळे वाढलेला दर रुग्णामागचा खर्च हा केंद्राचा अंगभूत दोष म्हणून नोंदवला जातो. असा अर्धा हिशेब धोरणकर्त्यांपुढे गेला की केंद्र बंद करावे, शेजारच्या केंद्रात विलीन करावे किंवा खासगी संस्थेला चालवायला द्यावे, असे निष्कर्ष सहज निघतात आणि त्यांना आकड्यांची प्रतिष्ठाही मिळते.

हे पत्र सर्वसामान्य वाचकही वाचणार असल्याने संज्ञा आधी स्पष्ट केलेल्या बऱ्या. खर्च-परिणामकारकता विश्लेषण म्हणजे आरोग्यावर केलेला खर्च आणि त्यातून मिळालेला आरोग्यलाभ यांचे प्रमाण काढणे. लाभ रुपयांत मोजता येत नाही म्हणून तो वाचलेल्या जिवांत, टळलेल्या आजारांत किंवा 'डॅली' या एककात मोजतात. एक डॅली म्हणजे निरोगी आयुष्याचे एक गमावलेले वर्ष, ज्यात अकाली मृत्यूमुळे गेलेली वर्षे आणि आजारपणात किंवा अपंगत्वात काढलेली वर्षे त्यांच्या तीव्रतेनुसार एकत्र धरली जातात. दोन पर्यायांच्या खर्चांतील फरकाला त्यांच्या परिणामांतील फरकाने भागले की वाढीव खर्च-परिणामकारकता गुणोत्तर मिळते, म्हणजे एक डॅली टाळण्यासाठी आणखी किती रुपये मोजावे लागतील ते कळते. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे : ही पद्धत मुळात दोन पर्यायांच्या तुलनेची आहे, त्यामुळे 'हे केंद्र महाग आहे' हे विधान कशाच्या तुलनेत ते सांगितल्याशिवाय अपुरेच राहते.

मोजमापाची ही रीत केंद्रांवर कशी लागू झाली, याचाही थोडा मागोवा आवश्यक आहे. भोर समितीने १९४६ मध्ये सादर केलेल्या अहवालात, उपचार आणि प्रतिबंध ही दोन्ही कामे एकाच छत्राखाली करणारे, ठरावीक लोकसंख्येची जबाबदारी घेणारे प्राथमिक आरोग्य केंद्र कल्पिले होते. अल्प मुदतीच्या योजनेत चाळीस हजार लोकांमागे एक केंद्र असावे अशी तिची शिफारस होती. १९५२ मध्ये समुदाय विकास कार्यक्रमाबरोबर अशी केंद्रे उभी राहू लागली आणि पुढे सपाट प्रदेशात तीस हजार व डोंगराळ-आदिवासी प्रदेशात वीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक केंद्र, असा निकष रूढ झाला. १९७८ मध्ये आल्मा-आटा येथील परिषदेने 'सर्वांसाठी आरोग्य' या ध्येयाचा पाया म्हणून सर्वंकष प्राथमिक आरोग्यसेवेचा पुरस्कार केला. परंतु दुसऱ्याच वर्षी ज्युलिया वॉल्श व केनेथ वॉरन या संशोधकांनी, सगळे एकदम करणे परवडणारे नसल्याने कमी खर्चात अधिक जीव वाचवणारे मोजके उपायच निवडावेत, असा 'निवडक' प्राथमिक आरोग्यसेवेचा मार्ग सुचवला. १९९३ च्या जागतिक बँकेच्या विकास अहवालाने डॅली हे एकक धोरणकर्त्यांच्या हाती दिले आणि एकेका रोगाची, एकेका उपायाची स्वतंत्र किंमत काढण्याची सवय पक्की झाली. लस, जलसंजीवनी, क्षयाच्या गोळ्या, मच्छरदाण्या यांची किंमत निघाली. या सगळ्यांना गावापर्यंत नेणाऱ्या केंद्राची किंमत मात्र कोणत्याच रकान्यात नीट बसेना. पुढील बहुतेक तक्रारींचे मूळ येथे आहे.

पहिली तक्रार संयुक्त खर्चाच्या वाटणीबद्दल आहे. संयुक्त खर्च म्हणजे अनेक कामांसाठी एकत्रच होणारा, एका कामाच्या नावे सरळ न टाकता येणारा खर्च. वस्तीवरच्या अंगणवाडीत भरणारे लसीकरण सत्र उदाहरणादाखल पाहावे. आरोग्य सेविका सकाळी व्हॅक्सिन कॅरिअरमध्ये बर्फाच्या पिशव्यांच्या मधोमध लसीच्या कुप्या घेऊन पोहोचते. बाळांना लस टोचणे हे सत्राचे अधिकृत काम असले, तरी त्याच बैठकीत गरोदर बायकांचे वजन व रक्तदाब पाहिला जातो, लोहाच्या गोळ्या दिल्या जातात, ताप असलेल्याच्या बोटाचे रक्त काचपट्टीवर घेतले जाते, फार दिवस खोकणाऱ्याला थुंकीच्या तपासणीची डबी दिली जाते, रक्तदाबाच्या जुन्या रुग्णाला गोळ्या संपल्याची आठवण करून दिली जाते आणि मग या प्रत्येक कामाची नोंद वेगवेगळ्या नोंदवहीत होते. या दिवसाचा पगार लसीकरणाचा की मातृत्वसेवेचा, हिवतापाचा की क्षयाचा? वेळेच्या प्रमाणात तो विभागण्याची तंत्रे आपल्याकडे आहेत. पण एकेका कार्यक्रमाचे मूल्यमापन होते तेव्हा बहुधा फक्त त्या कार्यक्रमाची औषधे, प्रशिक्षण आणि प्रवासभत्ता हाच वाढीव खर्च धरला जातो आणि सेविका, इमारत, शीतसाखळी, वाहन हे 'आधीपासून आहेतच' म्हणून सोडून दिले जातात. परिणामी प्रत्येक कार्यक्रम स्वस्त दिसतो, आणि सगळ्यांचे ओझे वाहणारे केंद्र तेवढे महाग ठरते. विनंती अशी की, कार्यक्रमाचा अहवाल लिहिताना केंद्राच्या यंत्रणेतून किती वाटा वापरला गेला ते रुपयांत दाखवावे, आणि केंद्राचे मूल्यमापन करताना त्याने पार पाडलेल्या सर्व कार्यक्रमांचे परिणाम एकत्र जमेस धरावेत.

दुसरी तक्रार ही की, केंद्र कोणत्या अवस्थेत असताना मोजले गेले हे अहवालाच्या निष्कर्षात येत नाही. चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेच्या संशोधकांनी हिमाचल प्रदेश, हरयाणा आणि पंजाब या राज्यांतील केंद्रांच्या खर्चाचा जो अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध केला, त्यानुसार प्राथमिक आरोग्य केंद्राचा वार्षिक खर्च सरासरी सुमारे ८८ लाख रुपये आणि सामुदायिक केंद्राचा सुमारे २ कोटी ६९ लाख रुपये होता, आणि दोन्ही ठिकाणी निम्म्याहून अधिक खर्च मनुष्यबळावर होत होता. मनुष्यबळाचा खर्च बव्हंशी स्थिर असतो, म्हणजे रुग्ण कमी आले म्हणून पगार कमी होत नाही. साहजिकच दर रुग्णामागचा खर्च केंद्राच्या काटकसरीपेक्षा तेथे किती माणसे येतात यावर अधिक ठरतो, आणि माणसे येणे हे औषध मिळते का, डॉक्टर भेटतात का, यावर अवलंबून असते. केवळ गणित समजण्यासाठी, ८८ लाखांच्या केंद्रात वर्षाला दहा हजार रुग्ण आले तर दर भेटीमागे ८८० रुपये पडतात आणि वीस हजार आले तर ४४०. या दोन आकड्यांमधील अंतर औषधांच्या एका वेळेवर झालेल्या पुरवठ्याचेही असू शकते.

ग्रामीण रुग्णालयात हा प्रश्न आणखी तीव्र होतो. तीस खाटांच्या या रुग्णालयात शल्यचिकित्सक, फिजिशियन, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ असावेत असे मानक सांगते, तर केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीनुसार देशभरातील सामुदायिक केंद्रांत आवश्यक विशेषज्ञांची सुमारे ८० टक्के कमतरता होती. सिझेरियन शस्त्रक्रियेसाठी स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, प्रशिक्षित परिचारिका आणि रक्ताची सोय हे सगळे एका वेळी लागते. यांपैकी भूलतज्ज्ञ नसला तर स्त्रीरोगतज्ज्ञाचा पगार, शस्त्रक्रियागृह आणि तिथली यंत्रसामग्री यांचा खर्च पूर्ण होतो आणि शस्त्रक्रिया एकही होत नाही. सरासरी खर्च पाहणारा अहवाल अशा रुग्णालयाला अकार्यक्षम म्हणेल, तर सीमान्त खर्च पाहणारा, म्हणजे आणखी एक रुपया घातला तर काय वाढेल असे विचारणारा, अहवाल सांगेल की एका भूलतज्ज्ञाच्या पगारात आधीच खर्च झालेले सगळे पैसे कामाला लागतील. एकाच रुग्णालयाबद्दलची ही दोन उत्तरे परस्परविरुद्ध धोरणांकडे नेतात. म्हणून विनंती अशी की, प्रत्येक निष्कर्षाशेजारी रिक्त पदांचे प्रमाण, अत्यावश्यक औषधे संपलेली असण्याचे दिवस आणि मानकांशी असलेली तफावत यांचा तक्ता द्यावा, आणि 'केंद्र आहे तसे' व 'केंद्र मानकांप्रमाणे भरलेले' अशा दोन्ही स्थितींचे गुणोत्तर काढावे.

या तक्रारीमागे केंद्रांना पाठीशी घालण्याचा हेतू नाही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुदेशीय अभ्यासात, पूर्वसूचना न देता दिलेल्या भेटींत भारतातील सुमारे ४० टक्के आरोग्य कर्मचारी जागेवर आढळले नव्हते, आणि हे वास्तव झाकून कोणतेही मूल्यमापन प्रामाणिक होणार नाही. मात्र तेथेही बारकावा लागतो : आरोग्य सेविका आणि आरोग्य सेवक यांचे निम्मे काम गावोगावच्या फिरतीचे असल्याने इमारतीत न सापडणे आणि कामावरच न येणे या दोन गोष्टी वेगळ्या मोजाव्या लागतात. तशा मोजल्या, तर कामचुकारपणा अधिक स्पष्ट दिसेल आणि फिरतीवर राबणाऱ्या सेविकेवरचा ठपकाही दूर होईल.

तिसरी तक्रार, ज्यांच्या श्रमाची किंमत लावली जात नाही त्यांच्याबद्दल आहे. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि आशा कार्यकर्तीची नेमणूक 'स्वयंसेविका' म्हणून झाली. तिला वेतन नसून मोबदला मिळतो. अर्थशास्त्रात वित्तीय खर्च, म्हणजे प्रत्यक्ष खिशातून गेलेले पैसे, आणि आर्थिक खर्च, म्हणजे वापरलेल्या प्रत्येक साधनाचे व वेळेचे खरे मूल्य, असा भेद शिकवला जातो. आशांच्या बाबतीत मात्र बरेच अभ्यास मोबदल्याची रक्कम हाच तिच्या कामाचा खर्च मानून पुढे जातात. रात्री-अपरात्री बाळंतिणीबरोबर रुग्णालयात जाणे, तिथल्या व्हरांड्यात पहाटेपर्यंत थांबणे, दुसऱ्या दिवशी मोबाइलवर माहिती भरत बसणे आणि त्यापायी शेतातली मजुरी बुडणे, यांचे मूल्य शून्य धरले, तर जो कार्यक्रम किफायतशीर ठरतो त्याची किफायत एका बाईच्या बुडालेल्या मजुरीतून आलेली असते. हीच गोष्ट रुग्णाच्या कुटुंबाची. केवळ सेवा देणाऱ्या यंत्रणेच्या बाजूने खर्च मोजला, तर केंद्र बंद करून लोकांना तालुक्याच्या गावी पाठवणे स्वस्त दिसते, कारण जीपचे भाडे, सोबत आलेल्याचा खाडा आणि दुखणे अंगावर काढल्याने वाढलेला आजार हे सगळे कुटुंबाच्या खात्यावर जाते. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांनी खिशातून केलेल्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता आणि २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. जो वाटा अद्याप एवढा मोठा आहे, तो हिशेबातून वगळण्याचे समर्थन होऊ शकत नाही. विनंती अशी की, आशांचा वेळ स्थानिक मजुरीच्या दराने तरी मोजावा आणि समाजाच्या बाजूने काढलेले गुणोत्तर हे परिशिष्टात न ढकलता मुख्य निष्कर्षात छापावे.

चौथी तक्रार परिणाम म्हणून काय मोजले जाते याबद्दल आहे. केंद्राचे 'उत्पादन' म्हणून ओपीडीची संख्या, प्रसूतींची संख्या आणि लसीकरणाची टक्केवारी घेणे सोयीचे असते, कारण हे आकडे दरमहा संगणकात भरले जातात. परंतु पाण्याचे नमुने वेळेवर तपासले गेले म्हणून जी अतिसाराची साथ आलीच नाही, तिची नोंद कोणत्याही केसपेपरवर होत नाही. उलट साथ आली तर ओपीडी फुगते आणि केंद्र अधिक 'उत्पादक' दिसते. सज्ज असण्याचेही मूल्य असते. मुक्कामी एसटीत रात्री चारच उतारू आले म्हणून ती तोट्यात धरावी, तर सकाळी सगळे गाव कशाच्या भरवशावर तालुक्याला निघते हे विसरले जाते. प्राथमिक केंद्रातील सर्पदंशावरील प्रतिविषाचा साठा, प्रसूतिगृहातील रात्रपाळी आणि दाराशी उभी रुग्णवाहिका यांचा हिशेब याच जातीचा आहे. काही परिणाम तर केंद्राच्या परिसरापलीकडे जातात. डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रायगड जिल्ह्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना विंचूदंशाच्या रुग्णांचे रात्रंदिवस निरीक्षण सुरू केले, त्यातूनच प्राझोसिन या रक्तदाबावरच्या स्वस्त गोळीचा विंचूदंशावरील उपयोग पुढे आला, १९८६ मध्ये 'लॅन्सेट'ने तो प्रसिद्ध केला आणि कोकणातला एक जीवघेणा अपघात आटोक्यात आला. हा लाभ कोणत्या केंद्राच्या कोणत्या वर्षाच्या गुणोत्तरात मांडायचा, याचे उत्तर सोपे नाही. परंतु तो मांडता येत नाही म्हणून तो झालाच नाही, असे धरणे निश्चितच चूक आहे.

पाचवी तक्रार दुर्गम भागांबद्दलची आहे. बीसीजीच्या एका कुपीत दहा बाळांपुरती लस असते आणि द्रावण तयार केल्यावर चार तासांत न वापरलेली लस टाकून द्यावी लागते. सपाटीवरच्या मोठ्या गावात एका सत्राला आठ-दहा बाळे जमतात आणि कुपी संपते. अक्राणीच्या किंवा भामरागडच्या डोंगरातील पाड्यावर दोनच बाळे असली तरी कुपी फोडावीच लागते, आणि उरलेली लस अहवालात 'नासाडी' म्हणून येते. कुपी वाचवण्यासाठी ती दोन बाळे पुढच्या सत्रापर्यंत ताटकळत ठेवली, तर नासाडीचा आकडा सुधारतो आणि बाळे महिनाभर असुरक्षित राहतात. विरळ वस्ती, लांब अंतरे आणि पावसाळ्यात तुटणारे रस्ते यांमुळे वाढलेला खर्च हा गैरव्यवस्थेचा पुरावा मानून सपाटीच्या केंद्रांशी एकाच यादीत क्रमवारी लावली, तर तळाला नेहमी आदिवासी तालुकेच राहतील. डॅली कोणाचा टळला, गरिबाचा की सुखवस्तूचा, हे रूढ गुणोत्तराला दिसत नाही. मात्र लाभाची वाटणी वेगवेगळ्या उत्पन्नगटांत कशी झाली आणि किती कुटुंबे कर्जातून वाचली हे दाखवणारी विस्तारित विश्लेषणाची पद्धत आपल्याच विद्याशाखेने विकसित केली आहे. तिचा वापर अपवाद न राहता नियम व्हावा, एवढीच विनंती.

सहावी तक्रार उसन्या परिणामांबद्दल आहे. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने ३९ गावांत प्रशिक्षित गावकरी स्त्रियांमार्फत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला आणि १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला. दर बाळामागे ५.३ डॉलर खर्च आला आणि दर १८ बाळांमागे एक मृत्यू टळला, म्हणजे एक मृत्यू टाळण्याचा खर्च शंभर डॉलरच्याही आत राहिला. २०११ पासून हा उपाय आशांमार्फत राष्ट्रीय कार्यक्रम झाला, हे उचितच होते. पण गडचिरोलीतील परिणामामागे बारकाईचे प्रशिक्षण, सततची देखरेख आणि गावाचा विश्वास होता, आणि तो परिणाम जशाचा तसा उचलून दुसऱ्या जिल्ह्याच्या अंदाजपत्रकाशेजारी ठेवला तर निघणारे गुणोत्तर प्रत्यक्षात कुठेच घडलेले नसते. खर्च जिथला, परिणामही तिथलाच मोजावा, आणि ते शक्य नसल्यास परिणाम उसना घेतल्याचे मुख्य तक्त्यातच लिहावे.

नीट केलेले मूल्यमापन किती उपयोगी पडते, याचे उदाहरणही आपल्याच क्षेत्रात आहे आणि त्याचा उल्लेख न करणे अन्यायाचे होईल. राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १३४ गावांत केलेला आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग असा : काही गावांत ठरलेल्या दिवशी हमखास भरणारी लसीकरण शिबिरे घेतली, काही गावांत त्याच्या जोडीला प्रत्येक लसीमागे एक किलो डाळ आणि सर्व लसी पूर्ण झाल्यावर ताटांचा संच दिला, तर उरलेल्या गावांत काहीच वेगळे केले नाही. पूर्ण लसीकरणाचे प्रमाण नेहमीच्या गावांत ६ टक्के, केवळ शिबिरांच्या गावांत १८ टक्के आणि डाळ दिलेल्या गावांत ३९ टक्के निघाले. डाळीचा खर्च वाढूनही एका लसीकरणामागचा सरासरी खर्च सुमारे २,२०० रुपयांवरून सुमारे १,१०० रुपयांवर आला, कारण शिबिरात बसलेल्या परिचारिकेचा दिवस तेवढाच राहिला आणि त्या दिवसात लस घेणारी मुले वाढली. या अभ्यासात तुलना कशाशी हे ठरलेले होते, परिणाम तिथलाच होता आणि स्थिर खर्च कसा वाटला जातो हे उघड दिसत होते. म्हणूनच त्यातून 'शिबिरे महाग आहेत, बंद करा' याच्या नेमके उलट उत्तर निघाले.

सातवी आणि शेवटची तक्रार 'परवडते' आणि 'परवडत नाही' यांच्यामधील सीमारेषेबद्दल आहे. २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या स्थूल अर्थशास्त्र व आरोग्य आयोगाच्या विचारांतून, एक डॅली टाळण्याचा खर्च दरडोई सकल उत्पन्नाच्या तिपटीच्या आत असेल तर उपाय किफायतशीर आणि एकपटीच्या आत असेल तर अत्यंत किफायतशीर, अशी मोजपट्टी रूढ झाली. पुढे त्या संघटनेच्याच तज्ज्ञांनी ती निर्णयाचा नियम म्हणून वापरू नये असे बजावले. भारतातील अभ्यासांत दरडोई उत्पन्नाची एकपट ही मर्यादा प्रचलित आहे. २०२१-२२ मध्ये हे दरडोई उत्पन्न दीड लाख रुपयांहून अधिक होते, तर त्याच वर्षी सरकारचा दरडोई आरोग्यखर्च ३,१६९ रुपये, म्हणजे सकल उत्पन्नाच्या १.८४ टक्के होता. हातात तीन हजार असताना दीड लाखाच्या मापाने खरेदी ठरवली, तर जवळजवळ प्रत्येक नवी लस, नवे यंत्र आणि नवी तपासणी 'किफायतशीर' ठरते, आणि निवड करण्यासाठी निर्माण झालेली पद्धतच निवडीच्या वेळी निरुपयोगी होते. नव्या गोष्टीची शिफारस करणारा अहवाल त्यासाठी कोणती जुनी गोष्ट सोडावी लागेल हे सांगत नाही. प्रत्यक्षात कात्री लागते ती ज्याच्या बाजूने अहवाल नसतो त्या केंद्राच्या देखभालीला, औषधांना आणि भरतीला. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च सकल उत्पन्नाच्या २.५ टक्क्यांवर नेण्याचे आणि त्यातील दोन तृतीयांश किंवा अधिक भाग प्राथमिक सेवेला देण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. विनंती अशी की, किफायतशीर ठरवलेल्या प्रत्येक शिफारशीबरोबर तिचा एकूण अंदाजपत्रकीय भार आणि तो कोठून निघेल याचा तपशील द्यावा.

या सर्व विनंत्या अमलात आणण्यासाठी नवी विद्या शोधण्याची आवश्यकता नाही. सीमान्त खर्च, आर्थिक खर्च, समाजाची बाजू, लाभाची वाटणी या सर्व संकल्पना आपल्याच पाठ्यपुस्तकांतील आहेत. आवश्यक असलेली माहितीही बरीचशी गावातच मिळते. महाराष्ट्रात २००७ पासून चाललेल्या लोकाधारित देखरेखीच्या प्रक्रियेत गावकऱ्यांनी औषधांचा तुटवडा, बंद उपकेंद्रे आणि बाहेरून आणायला लावलेली औषधे यांच्या नोंदी केल्या आणि जनसुनवाईत त्या अधिकाऱ्यांपुढे मांडल्या. अशा नोंदी संगणकातील मासिक आकड्यांशी ताडून पाहिल्या, तर केंद्र कोणत्या अवस्थेत मोजले गेले या प्रश्नाचे उत्तर कितीतरी अचूक मिळेल. ज्या केंद्राचा हिशेब मांडला, त्याच्या रुग्ण कल्याण समितीला आणि जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीला तो मराठीतून, निष्कर्ष अंतिम होण्यापूर्वी वाचायला मिळावा आणि त्यांचे म्हणणे अहवालात छापले जावे, ही या पत्रातील शेवटची मागणी आहे. असे झाले म्हणून प्रत्येक केंद्र किफायतशीर ठरेल असे नाही; काही केंद्रे चुकीच्या जागी बांधलेली, काही खरोखर निष्क्रिय निघतील, आणि ती तशी निघाली तर त्यांबाबत कठोर निर्णय घ्यायला लोकांचाही आधार मिळेल, कारण हिशेब पुरा झाला आहे याची त्यांना खात्री असेल.

आपल्या पुढच्या अहवालात गुणोत्तराच्या आकड्याआधी एक पान असावे आणि त्यावर तुलना कशाशी केली, किती पदे रिक्त होती, कोणाचे श्रम विनामूल्य धरले आणि कोणते परिणाम मोजता आले नाहीत, ही चार उत्तरे लिहिलेली असावीत. ते पान वाचल्यावर पुढचा आकडा कितीही प्रतिकूल असला तरी त्याच्याशी वाद घालणे वाचकांना आणि आरोग्य कर्मचाऱ्यांनाही रास्त वाटेल.



आपले नम्र,
सार्वजनिक आरोग्यसेवेच्या अर्थकारणाचे एक अभ्यासक